पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे

धाकटीची कादंबरी चार वर्षं लिफ्टमध्ये अडकून पडली होती. हे अलंकारिक बोलणं नव्हे. कादंबरीचा नायक लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या तपासणीला जातो, आत शिरतो, आणि दार बंद होता होता घाईघाईने आत येते ती नेमकी त्याची आधीची बायको. अकरा वर्षांपूर्वी एका साध्यासुध्या संध्याकाळी ती त्याचं ताट वाढून, त्यावर झाकण ठेवून घरातून निघून गेली होती. आता ती याच इमारतीत गाण्याचे क्लास घेते. दोघं एकमेकांकडे बघतात, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबते, दिवा जातो आणि प्रकरण संपतं. त्यानंतर तो दिवा काही आला नाही.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. चौथं प्रकरण लिहायला म्हणून धाकटी रोज सकाळी टेबलाशी बसायची, कागद नीट करायची, पेनाचं टोपण काढायची आणि पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य दुरुस्त करायला घ्यायची. पहिलं वाक्य सुधारलं की दुसरं त्याच्या शेजारी गबाळं दिसायचं. दुसरं सुधारेपर्यंत दुकानात जायची वेळ व्हायची. बिचारा मेकॅनिक आणि त्याची बायको अंधारात उभे ते उभेच. एवढ्या वेळात खऱ्या लिफ्टमधल्या माणसांची आठवण कोणाला तरी झाली असती.

ही सवय तिला दुकानातून लागली होती. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर काढायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत माणसाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, समोरचा अक्षरांचा तक्ता लावायचा आणि फ्रेममध्ये एकेक काच सरकवत विचारत राहायचं, "हे बरं दिसतं, की हे?" माणूस म्हणतो, पहिलं. मग पुढची जोडी. हे बरं, की हे? असं करत करत शेवटी माणूस म्हणतो की आता दोन्ही सारखंच दिसतंय, तेव्हा नंबर सापडला असं समजायचं. या कामात तिचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं. फक्त तिने तेच यंत्र घरी आणून कादंबरीला लावलं, आणि वाक्यांचं तसं नसतं. वाक्यांच्या बाबतीत दोन्ही सारखंच असं तिला कधी वाटेचना.

याचा त्रास घरच्यांना झाला. जेवताना, चपला घालताना, दात घासताना कोणालाही गाठून ती विचारायची, "तो जिना चढून आला, हे बरं वाटतं, की जिना चढून तो आला?" नवरा गोदामात दिवसभर खोकी मोजून थकून यायचा. त्याने एक सोपी युक्ती काढली होती. तो नेहमी म्हणायचा, दुसरं. एकदा तिने मुद्दाम तीच दोन वाक्यं उलट्या क्रमाने विचारली आणि त्याची चोरी पकडली, तेव्हा दोन दिवस अबोला झाला. सासरे तिला कागद घेऊन येताना बघितलं की कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचे. एकटी थोरली जाऊ तेवढी कधी कुरकुरली नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर होतं. तिथे दिवसभर बायकांची ऊठबस असल्यामुळे कानांवरून बोलणं वाहू देण्याची तिला सवय होती. पहिली तीन प्रकरणं लिहून झाली तेव्हा धाकटीने ती सगळ्यात आधी तिलाच वाचायला दिली होती. थोरलीने ती एका दुपारी वाचून काढली आणि विचारलं, "पुढे?" धाकटी म्हणाली, चाललंय. पुढचे बरेच महिने थोरली विचारत राहिली, मग विचारायची थांबली. खरं तर तेव्हाच धाकटीला संशय यायला हवा होता.

तसं मार्गदर्शन धाकटीला कमी नव्हतं. दर रविवारी फोनवर एका सरांचा वर्ग असायचा, होतकरू कादंबरीकारांसाठी. सर भले गृहस्थ होते, त्यांनी स्वतः तीन जाडजूड कादंबऱ्या लिहून संपवल्या होत्या, त्यामुळे त्यांना बोलायचा अधिकारही होता. पात्राला काय हवंय ते ओळखा, असं ते सांगत. लिहिणाऱ्याची स्वतःची जागा असावी. सकाळी डोकं ताजं असतं. सल्ला सगळा खरा होता, तोच तर त्रास होता. खोटा असता तर सोडून देता आला असता. धाकटीने पार्लरमागच्या लहानशा खोलीत टेबल मांडलं आणि सरांची वाक्यं सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावली. त्यात एक वाक्य असंही होतं की मागे वळून पाहू नका, पुढे लिहीत जा. ते वाक्य निळ्या शाईत बरं दिसेल की काळ्या, हे ठरवण्यात तिचा एक अख्खा रविवार गेला होता.

ही मागची खोलीच थोरलीला हवी होती. एका सोमवारी सकाळी ती दोन कप चहा घेऊन तिथे आली, एक कप धाकटीपुढे ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. थोरली सहसा टेकून उभी राहत नसे, तेव्हा काहीतरी अवघड बोलायचंय हे धाकटीने ओळखलं. बोलणं असं होतं की पार्लरमध्ये केस धुवायला बेसिन नाही. रंग लावलेल्या बायकांना बोळातून न्हाणीघरात न्यावं लागतं, वाटेत सासरे भेटतात, बायका लाजतात, सासरेही लाजतात. या खोलीत पाण्याची जोडणी सोपी आहे आणि नळवाला शनिवारी मोकळा आहे. अर्थात धाकटीचं पुस्तक होणार असेल तर विषयच संपला, बेसिन गेलं खड्ड्यात.

"पण तू मला खरं काय ते सांग," थोरली म्हणाली. "होणार आहे का ते?"

धाकटीने शुक्रवारपर्यंत सांगते म्हटलं. थोरली गेल्यावर तिने चहाचा कप तोंडाशी नेला आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर आपल्याला आत्ताच ठाऊक आहे. नाही होणार. चार वर्षांत जे झालं नाही ते शुक्रवारपर्यंत काय होणार होतं? एकदा असं मनाशी म्हटल्यावर तिला हलकं वाटलं. आता सकाळी जास्त झोपता येईल, नवऱ्याशी नीट बोलता येईल, रविवारी फिरायला जाता येईल. हलकं वाटता वाटता तिला रडू आलं, तेव्हा तिने ते चहाच्या वाफेवर ढकललं.

बुधवारी दुपारी दुकानात मोठ्या बाई आल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळा बाजार त्यांना मोठ्या बाईच म्हणायचा, आणि त्याही बाजाराकडे वर्गाकडे बघावं तशाच बघायच्या. केसांना ताजा रंग लावलेला होता. त्यांना दूरचं धूसर दिसायला लागलं होतं. धाकटीने त्यांना खुर्चीत बसवलं, फ्रेम चढवली आणि काचा सरकवायला सुरुवात केली. बाईंना मात्र अक्षरांपेक्षा बोलण्यात जास्त रस होता. त्यांनी रंग कुठे लावून घेतला ते सांगितलं, ते पार्लर धाकटीच्याच घरातलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि धाकटीने सांगितलं नाही.

मग बाई म्हणाल्या की त्या पार्लरवालीच्या ओळखीत एक लिफ्टवाला आहे, त्याची फार विलक्षण हकीकत आहे.

धाकटीचा हात थांबला.

बाई सांगत गेल्या. बायको सोडून गेलेली, अकरा वर्षांनी तीच लिफ्टमध्ये भेटली, आणि लिफ्ट बंद. नुसता अंधार. आणि मग काय, थोड्या वेळाने दिवे आले, बघतात तर लिफ्टवाला तिच्या पायाशी. ढसाढसा रडला, म्हणाला चुकलो. तिनेही माफ केलं. दोघांनी पुन्हा लग्न केलं, समुद्रावर जाऊन आले, आणि आता त्याने लिफ्टचं काम सोडून दिलंय. तिच्या गाण्याच्या क्लासात खुर्च्या मांडतो आणि मुलांना पाणी देतो.

"त्याने पाय धरले?" धाकटीने विचारलं.

"धरले म्हणे."

"तो पाय धरणार नाही."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"चांगलीच," धाकटी म्हणाली आणि हातात आली ती काच फ्रेममध्ये घातली. बाई म्हणाल्या की आता त्यांना समोर दोन दोन चष्मेवाल्या दिसत आहेत आणि दोघींचाही चेहरा लाल आहे.

कसाबसा नंबर निघाला. शेवटी नेहमीप्रमाणे धाकटीने बाईंना ती जड फ्रेम नाकावर ठेवूनच उठवलं आणि दुकानाच्या दारापर्यंत चालून या म्हणून सांगितलं. कितीही काचा बदलल्या तरी माणसाने उठून चालून पाहिल्याशिवाय नंबर खरा की खोटा ते कळत नाही. हे ती रोज प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. बाई दारात उभ्या राहून येणारीजाणारी माणसं बघत होत्या आणि धाकटी आत काचा पुसत, दात ओठ खात उभी होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पुस्तक सोडून द्यायचं तिने ठरवलं होतं हे खरं, पण आपण सोडून दिलेल्या माणसाला कोणीतरी खुर्च्या मांडायला लावावं हे तिला सहन होईना.

दुकान लवकर सोडून ती तडक घरी आली आणि पुढच्या दाराने पार्लरमध्ये शिरली. आरशासमोरच्या खुर्चीत एक बाई डोक्याला रंग लावून, अंगावर काळा कपडा पांघरून बसली होती. ती कोपऱ्यावरच्या बँकेत खिडकीत बसायची, तेव्हा तिला बँकवाली म्हणू. थोरली ब्रश घेऊन तिच्या मागे उभी होती. पार्लरमध्ये सगळं बोलणं आरशातून चालतं, समोरासमोर कोणी कोणाकडे बघत नाही. तेव्हा थोरलीने आरशातच धाकटीला पाहिलं.

"ताई, माझ्या मेकॅनिकने कोणाचे पाय धरले?"

थोरली जरासुद्धा ओशाळली नाही. तिने ब्रश वाटीत ठेवला आणि धाकटीला बसायला सांगितलं. मग जे होतं ते सरळ सांगून टाकलं. रंग लावला की तो मुरेपर्यंत बाईला बसवून ठेवावं लागतं. बायका कंटाळतात, घड्याळाकडे बघतात, लवकर धुवून टाका म्हणतात, आणि मग रंग चढत नाही. एकदा असंच एका गिऱ्हाइकाला तिने तीन प्रकरणांमधलं थोडं सांगितलं. ती बाई हलली नाही. मग दुसरीला सांगितलं. मग बायका यायच्या त्याच मुळी विचारत, त्या लिफ्टवाल्याचं काय झालं. तीन प्रकरणं संपली, धाकटी तर रोज पहिलंच वाक्य घासत बसलेली. शेवटी थोरलीने आपल्या मनानेच दिवे लावले.

"मी काय करणार होते?" थोरली म्हणाली. "अर्धा रंग लावलेल्या बाईला सांगू, की पुढचं लिहिणारी लिहीत नाही?"

"पण असं कुठे असतं का? तो माफी मागणारा माणूसच नाहीये. त्याने अकरा वर्षं मनातल्या मनातसुद्धा मागितलेली नाही."

"बरं. मग काय करेल?"

"आधी लिफ्टचं बघेल. मेकॅनिक आहे तो."

"बघितलं. मग?"

धाकटीने तोंड उघडलं. इथवर ती हजारदा आली होती आणि दर वेळी मागे फिरून पहिल्या वाक्याकडे गेली होती. पण आरशातून दोन बायका आपल्याकडे टक लावून बघत असताना मागे फिरता येत नाही, विशेषतः त्यातल्या एकीच्या डोक्यावरचा रंग वाळत असताना.

"वर मशीनच्या खोलीत त्याचा जोडीदार बसलाय," ती सावकाश म्हणाली. "याने एक फोन केला, की तो हाताने लिफ्ट खाली आणेल. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग करेल की फोन."

"नाही करणार." हे आपण म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं. "तो तिला सांगेल की रेंज नाही."

बँकवालीने मान वळवली आणि रंगाचा एक ओघळ कपाळावर आला. "का पण?" तिने विचारलं. "फोन तर आहे ना त्याच्याकडे?"

"आहे. खिशात आहे, चालू आहे." धाकटी आता आरशात बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती, जिथे कापलेले केस पडले होते. "पण लिफ्ट अडकलीय तोवर ती जाऊ शकत नाही. तोवर त्याला नाही म्हणू शकत नाही. एकदा दार उघडलं, की कळणारच ना, तिला याच्याशी बोलायचंय की नाही. त्यापेक्षा अंधार बरा वाटतो त्याला."

थोरलीने कापूस घेऊन बँकवालीच्या कपाळावरचा ओघळ पुसला, कापूस टोपलीत टाकला आणि आरशातून धाकटीकडे पाहिलं.

"चार वर्षं झाली ना गं?"

"कशाला?"

"लिफ्टला."

धाकटी उठली आणि मागच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं आणि टेबलाशी बसून थोडा वेळ रडली, या वेळी वाफेचं निमित्त न शोधता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हसू आलं. लिहून संपवलं असतं तर कोणीतरी वाचलं असतं. वाचलं असतं तर वाईट आहे असं म्हणू शकलं असतं. लिफ्ट अडकलेली होती तोवर कोणाची काही म्हणायची सोय नव्हती. फोन तिच्याही खिशात होताच. चार वर्षं ती घरातल्या प्रत्येकाला सांगत आली होती की रेंज नाही.

मग ती लिहायला लागली. तिने कसं लिहिलं ते विचारू नका. घाईघाईने, वेडंवाकडं, एकाच पानात तीनदा 'तेवढ्यात' आलं. 'अंधार दाटला' बरं की 'अंधार झाला', हा प्रश्न दोन्ही हात वर करून समोर उभा राहिला, तेव्हा तिने 'अंधार' एवढंच लिहिलं आणि पुढे गेली. गुरुवारी नवऱ्याने जेवताना आपणहून विचारलं की आज काही विचारायचं नाही का. ती नाही म्हणाली. त्याला इतकं चुकल्यासारखं झालं, की जेवण होईपर्यंत तो दोनदा म्हणाला, काही असेल तर विचार. शुक्रवारी थोरलीने खोलीचं विचारलं नाही आणि धाकटीनेही सांगितलं नाही. संध्याकाळी सासरे दारातून डोकावले. तिच्या हातातले कागद बघून त्यांचा हात सवयीने कानाकडे गेला, पण ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ते जरा वेळ उभे राहिले आणि थोडे नाराज होऊनच निघून गेले.

शनिवारी सकाळी नळवाला पाइप आणि हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला. पार्लरमध्ये गर्दी होती. मोठ्या बाई नव्या चष्म्यासह कानांमागचा राहिलेला रंग पुरा करून घ्यायला आल्या होत्या, बँकवाली काही कारण नसताना आली होती. थोरलीने नळवाल्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि मागच्या खोलीचं दार वाजवलं. धाकटी हातात पानं घेऊन बाहेर आली. तिने विचारलं की तुम्हाला सगळ्यांना थोडा वेळ आहे का.

सगळ्यात आधी मोठ्या बाईंना समजवावं लागलं की लिफ्टवाला खरा नाही. बाई चांगल्याच रागावल्या. त्या पुनर्विवाहाला काहीतरी भेट पाठवावी असं त्यांच्या मनात होतं. पण मग धाकटी वाचायला लागली आणि त्या गप्प झाल्या. मेकॅनिक अंधारात खोटं खोटं बटणं दाबत होता, पिशवीतून हत्यारं काढून परत ठेवत होता. रेंज नाही म्हणत होता. ती गाणारी बाई एका कोपऱ्यात पर्स पोटाशी धरून उभी होती आणि काहीच बोलत नव्हती, फक्त अधूनमधून विचारत होती की अजून किती वेळ. तो म्हणत होता, सांगता येत नाही. मग त्याने तिला विचारलं की त्या दिवशी ताटात काय वाढलं होतंस. ती म्हणाली, तू बघितलं नाहीस? तो म्हणाला, झाकण काढलंच नाही. आणि नेमका तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. अंधारात त्याच्या शर्टाचा खिसा उजळला. ती त्या उजेडाकडे बघत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "घे ना. वाजतोय."

तिथे प्रकरण संपलं होतं. धाकटीने पानं खाली ठेवली. थोरली हातमोज्यांतले हात वर धरून तशीच उभी होती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "हिची गोष्ट जास्त मजेची होती. समुद्र होता, लग्न होतं. तुमच्या या लिखाणात चुकाही फार आहेत, तेवढ्यात तेवढ्यात काय."

"हो," धाकटी म्हणाली.

"पण तिच्या गोष्टीवर माझा विश्वास बसला नव्हता. इतक्या सहज कोण चुकलो म्हणतं?" बाई आरशातून नजर काढून सरळ धाकटीकडे वळल्या. "हा माणूस मात्र मला माहीत आहे. तीस वर्षं माझ्या घरात होता."

नळवाल्याने बाकावरून विचारलं की मग त्याने फोन घेतला का. धाकटी म्हणाली की अजून माहीत नाही. हे सांगताना तिला आयुष्यात पहिल्यांदा, काही माहीत नसण्याचा आनंद झाला.

थोरलीने हातमोजे काढले आणि नळवाल्याला म्हणाली की बेसिनचं राहू दे, पुढच्या वर्षी बघू, आल्याची मजुरी देते. नळवाला उठायला लागला. धाकटीने त्याला थांबवलं.

"खोली घे, ताई."

"वेडी आहेस का? आता कुठे लिहायला लागलीस. बसणार कुठे तू?"

धाकटीने खिडकीपाशी बोट केलं. तिथे बाक संपतो त्याच्या पलीकडे एक उंच स्टूल होतं, त्यावर जुनी मासिकं पडलेली असायची.

"इथे? अगं, इथे दिवसभर कलकल असते. ड्रायर असतो. बायका मधेमधे बोलतात."

"काय बोलतात?"

"काय म्हणजे? पुढे काय झालं, विचारतात."

"तेच," धाकटी म्हणाली. "तिकडे मला कोणी विचारत नाही. मी दार लावून बसते."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. हे बघणं आरशातलं नव्हतं. मग तिने खिडकीपाशी जाऊन मासिकं उचलली, खांद्यावरच्या टॉवेलने स्टूल पुसलं आणि एक पाय लटपटत होता त्याखाली मासिकाचं पान दुमडून घातलं. "एक सांगून ठेवते," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली. "हे बरं की ते बरं, असं एकदा जरी माझ्या गिऱ्हाइकाला विचारलंस, तर केस मुळापासून कापीन."

नळवाला मागच्या खोलीत गेला. त्याने आधी भिंतीवरचे सरांचे कागद नीट सोडवून टेबलावर ठेवले आणि मग छिन्नी लावून पहिला घाव घातला. सासरे बोळातून ओरडून विचारू लागले की काय पडलं. मोठ्या बाई थोरलीला सांगत होत्या की डाव्या कानामागे नीट लाव. बँकवालीने खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली होती आणि धाकटीच्या हाताकडे ती अगदी निर्लज्जपणे बघत होती. धाकटी स्टुलावर चढून बसली, पानं मांडीवर घेतली, आणि त्या सगळ्या गोंधळात तिने पाचव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं. त्याला पर्याय सुचायच्या आत दुसरंही लिहून टाकलं. त्याने फोन घेतला. तो म्हणाला, आम्ही इथे आहोत, खाली घे.